पुरुषांच्याही अंगातून वाफा निघतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत रजोनिवृत्तीच्या काळात स्त्रियांच्या अंगातून निघणाऱ्या गरम वाफांविषयी आलेला लेख आमच्या घरी दोघांनीही वाचला. पत्नीने तो आधी वाचला आणि काही न बोलता माझ्या पुढ्यात आणून ठेवला. हाच त्रास प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या) कर्करोगावर हार्मोनचे उपचार घेणाऱ्या बहुसंख्य पुरुषांना होतो आणि उपचार थांबल्यावरही तो पुष्कळ काळ रेंगाळतो, हे तिला गेली काही वर्षे रोज दिसते आहे. लेख स्त्रियांसाठी होता, त्यामुळे लेखिकेला दोष नाही. परंतु पुरुषांच्या वाफांविषयी मराठीत कुठेच काही वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

मी सदुसष्ट वर्षांचा, चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला विज्ञान शिक्षक आहे. मला याच कर्करोगावर शेक (किरणोपचार) आणि त्यासोबत हार्मोन-उपचाराची दर तीन महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली एक सुई, असे उपचार मिळाले. सुया दोन वर्षे चालल्या. आजार आटोक्यात आहे, पीएसए (या आजारावर नजर ठेवण्यासाठी रक्तात मोजले जाणारे प्रथिन) खाली आहे, आणि उपचार करणाऱ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तक्रार एवढीच, की त्या सुईमुळे अंगात अशी भट्टी पेटेल हे मला कोणीही आधी सांगितले नाही. पहिल्या सुईनंतर महिनाभरात छातीपासून मानेकडे आणि मानेकडून डोक्याकडे चढत जाणारी उष्णतेची लाट सुरू झाली. दोन-चार मिनिटांत बनियन भिजायचे आणि मग थंडी वाजायची. गावातल्या दवाखान्यात मलेरियाची तपासणी झाली, रक्तदाब मोजला गेला, एक सलाईनही लागले. सगळे ठीक निघाले, आणि डोक्यात विचार फार येत असतील, असा शेरा घेऊन मी परतलो.

आपल्या खानदेशात हा त्रास लपवणे फार सोपे आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, कधी पंचेचाळीसही ओलांडतो. तेव्हा घामाने निथळणाऱ्या म्हाताऱ्याकडे कोण लक्ष देणार? ‘उकडतंय’ एवढे म्हटले की भागते. माझे हे सोंग पहिल्याच पौषात उघडे पडले. सातपुड्याकडून बोचरा वारा येत होता, घरात सगळ्यांनी दोन-दोन गोधड्या घेतल्या होत्या, आणि पहाटे तीनच्या सुमाराला मी ओट्यावर नुसत्या बनियनवर बसून टॉवेलने मान पुसत होतो. पत्नी दार उघडून बाहेर आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, ‘‘अहो, हे तर माझंच दुखणं आहे. माझं चार वर्षं चाललं होतं, तुम्ही म्हणायचे, मनावर घेऊ नको.’’ मी खरोखरच तसे म्हणत असे. त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

तिचे निदान शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर होते. प्रोस्टेटचा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली दाखवून दिले आणि त्यासाठी 1966 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजची सुई मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीमार्फत वृषणांचे काम बंद पाडते आणि कर्करोगाचे खाद्य तोडते. पण पुरुषाच्या शरीरात थोडे टेस्टोस्टेरॉन इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमध्ये रूपांतरित होत असते. मूळच आटले की तेही आटते. मेंदूतील हायपोथॅलॅमस एरवी शरीराच्या तापमानातील किरकोळ चढउताराकडे कानाडोळा करतो. हे हार्मोन कमी झाले की त्याची सहनशक्ती संपते आणि अंशाच्या अगदी लहान फरकानेही तो अंग तापल्याची हाकाटी करून कातडीकडे रक्त आणि घाम धाडतो. वर्गात हा धडा मी अनेक वर्षे शिकवला, पण स्वतःच्या अंगावर आला तेव्हा ओळखता आला नाही.

शेवटची सुई घेऊन मला दीड वर्ष होत आले. सुया संपल्या की वाफा संपतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात शेवटच्या सुईचा अंमलच तीन महिने असतो आणि त्यानंतर झोपी गेलेली यंत्रणा जागी व्हायला आणखी कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. वय जितके जास्त आणि उपचार जितके लांबलेले, तितका उशीर अधिक. काहींचे टेस्टोस्टेरॉन पूर्ववत होतच नाही. खर्च परवडत नाही म्हणून ज्यांनी सुयांऐवजी वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया करून घेतली (आपल्याकडे असे पुष्कळ आहेत), त्यांच्या वाफा तर वर्षानुवर्षे चालू राहू शकतात. हे आधीच सांगितले असते, तर दर सकाळी आजार उलटला की काय या धास्तीने मी उठलो नसतो.

उपाय आहेत, पण ते आपल्या हवेत जपून वापरावे लागतात. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे हार्मोनच्या जातीचे औषध रोज 20 मिलिग्रॅम, सुरुवातीला 10 आठवडे, असा उल्लेख आहे. व्हेन्लाफॅक्सिन आणि गॅबापेन्टिन याही गोळ्या दिल्या जातात. व्हेन्लाफॅक्सिनने काहींना उलट घाम वाढतो, गॅबापेन्टिनने गुंगी येते, आणि रात्री तीन वेळा अंधारात उठणाऱ्या म्हाताऱ्याला गुंगी म्हणजे पडण्याला आमंत्रण. ऑक्सिब्युटिनिन हे मूळचे लघवीची घाई कमी करणारे औषधही वाफांवर वापरले जाते. ते घाम रोखते. पुण्या-मुंबईत ते चालून जात असेल, परंतु भुसावळच्या मे महिन्यात अंगाला घामच फुटला नाही तर उष्माघात दूर नाही. शिवाय त्याने काहींची लघवी तुंबते. होळी होऊन गेली, आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आहे. ज्यांना हे औषध चालू आहे त्यांनी ते मनाने बंद न करता उन्हाळ्यापुरते काय करायचे हे डॉक्टरांना आताच विचारावे. आणि अशक्तपणा आला म्हणून ताकदीच्या नावाखाली विकली जाणारी चूर्णे आणि गोळ्या आम्हा रुग्णांनी तर मुळीच घेऊ नयेत. त्यांत हार्मोन मिसळलेले असले, तर दोन वर्षांच्या उपचारांवर पाणी फिरेल.

गोळ्यांशिवायचे उपाय मला अधिक उपयोगी पडले. सब्जा, गुलकंद, सोयाबीनचे पीठ हे सगळे करून पाहिले; तोंडाला बरे लागले, वाफा तशाच राहिल्या. मग शंभर पानी वही घेऊन प्रत्येक वाफेची वेळ आणि आधी काय खाल्ले-प्यायले हे लिहू लागलो. पंधरा दिवसांत चोर सापडले: उकळता चहा, रात्रीची झणझणीत शेवभाजी, आणि उन्हातून येऊन लगेच पंख्याखाली बसणे. आता चहा बशीत निववून घेतो आणि शेवभाजी दुपारीच खातो. सोडलेली नाही, तेवढे माफ असावे. वाफ चढू लागली की पोटातून संथ श्वास घेतो. ब्रिटनमध्ये अशाच पुरुषांना पुस्तिका आणि सीडी देऊन श्वास, विश्रांती आणि मनातल्या धास्तीला आवर घालणे शिकवले गेले, तेव्हा सहा आठवड्यांनी त्यांना वाफांचा जाच कमी वाटू लागला होता. माझा अनुभव तसाच आहे. वाफ येते, पण लग्नाच्या पंगतीतून उठून पळावेसे आता वाटत नाही. मात्र रात्रीच्या घामासोबत ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तर ते सुईच्या माथी मारू नये आणि तपासणी करून घ्यावी.

माझी विनंती कर्करोगाचे उपचार करणाऱ्या सर्व डॉक्टरांना आहे. पहिली सुई देताना एक छापील मराठी चिठ्ठी रुग्णाच्या हाती द्यावी, शक्यतो पत्नी किंवा सून सोबत असताना, कारण पुरुष ती खिशात घालून विसरतील. तसेच सुया थांबल्यानंतर पीएसएसोबत टेस्टोस्टेरॉनचीही तपासणी अधूनमधून लिहून द्यावी, म्हणजे वाफा कधी ओसरतील याचा काही अंदाज तरी बांधता येईल. माझी पुढची तपासणी वैशाखात आहे. तेव्हा टेस्टोस्टेरॉनची तपासणी मी स्वतःच मागणार आहे आणि वहीही सोबत नेणार आहे; तिच्यात कालच्या रात्री दोनच नोंदी आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. चोपडा, जि. जळगाव