तळघरात तुझी वही सापडली

नोव्हाय, मिशिगन
14 डिसेंबर 2025

प्रिय सुध्या,

नऊ महिन्यांत माझं पत्र नाही. फोन झाले ते दोनच, तेही तू केलेले. काकूंच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मला आठवण होती, फोन हातात घेतला होता, आणि परत खाली का ठेवला ते आजही सांगता येत नाही. माफ कर. तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच.

गेल्या रविवारी सेकंड बेसवाल्या जेफ केंटला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, थोरांच्या त्या दालनात, घेतलं. 16 पैकी 14 मतं. मतदानासाठीच्या त्या आठ जणांच्या यादीत आपला डेट्रॉइट टायगर्सचा लू व्हिटाकर नव्हताच. मतदानात हरला असता तर सोसलं असतं रे, पण यादीतच नाही! आणि ती यादी करणारी समितीही बेसबॉल लेखकांचीच. त्याच रात्री स्वेटरचं खोकं काढायला तळघरात गेलो, तर हीटरमागे तुझी 95 सालची स्कोअरची निळी वही. जिन्यातच बसून राहिलो. मेधा दोनदा हाक मारून गेली. तिला काय सांगणार? हे तुलाच कळेल.

पहिल्या पानावर शेंगदाण्याच्या तेलाचा डाग आहे, म्हणजे तो मिशिगन आणि ट्रंबुलच्या कोपऱ्यावरच्या टायगर स्टेडियममधला आपला पहिला सामना. लू बॅटिंगला आला, सगळं स्टेडियम ‘लूऽऽऽ’ करून ओरडलं, तुला ते ‘बूऽऽऽ’ ऐकू आलं, आणि तू चिडून मला विचारलंस, “घरच्याच माणसाची हुर्यो का उडवतायत?” चंदू अजून ही गोष्ट प्रत्येक गणपतीत सांगतो.

वॉकसाठी, म्हणजे चार वाईट चेंडू सोडून मिळालेल्या बेससाठी, तू ‘फु’ लिहायचास. फुकट. लूच्या ओळीत किती फु आहेत, सुध्या! आणि मी तुझ्याशी भांडत होतो, की फुकटात मिळालेल्या बेसचं कसलं कौतुक, पठ्ठ्याने मारायला हवं. माझं बेसबॉलचं सगळं शिक्षण पेपरातल्या तीन रकान्यांवर झालेलं. सरासरी, होमरन, आणि आरबीआय म्हणजे बॅटरने घरी आणलेल्या धावा. वॉकला रकानाच नव्हता. मग .276 सरासरीचा माणूस पेपरवाल्यांच्या लेखी नुसता ‘बरा’. पण 1,197 वॉक घेतले त्याने, आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होणं, त्याहून कमी, 1,099. वर 244 होमरन, तेही सेकंड बेसवर खेळणाऱ्याने. खेळाडूने संघाला किती जास्तीचे विजय मिळवून दिले ते मोजणाऱ्या वॉरच्या आकड्याला तू ताळेबंद म्हणतोस ना, मग घे ताळेबंद : लू 75, तुझा न्यूयॉर्क यांकीजचा जीटर 71, केंट 55, मिनेसोटाचा कर्बी पकेट 51. चौघांत जो सगळ्यात वर, तो एकटा बाहेर.

जानेवारी 2001 चा निकाल मी पेपरात वाचला होता. विनफील्ड आणि पकेट आत गेले. पकेटचा 91 च्या वर्ल्ड सिरीजमधला अकराव्या इनिंगचा होमरन खरा होता, त्याचं हसू खरं होतं, लेखकांना तो आवडायचा. लू बोलायचाच नाही. 515 मतपत्रिकांपैकी त्याला 15. पाच टक्क्यांच्या खाली गेलं की लेखकांच्या मतपत्रिकेवरून नाव कायमचं जातं, तसं पहिल्याच वर्षी गेलं. मी वाचलं आणि पान उलटलं. एकोणीस वर्षं एकाच संघात खेळलेला माणूस, ज्याला आपण ब्लीचरमधून हाका मारल्या, आणि मी पान उलटलं. ते मला आता टोचतंय. जीटरला 2020 साली 397 पैकी 396 मतं मिळाली तेव्हा उरलेला एक कोण, याची केवढी शोधाशोध झाली. लूला मत न देणारे बरोबर 500 होते. त्यांना शोधत कुणी फिरलं नाही.

आणि तू! न्यू जर्सीत एडिसनला जाऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच ‘जीटर, जीटर’. मी तुला म्हटलं होतं की रोज रात्री न्यूयॉर्कचा टीव्ही बघशील तर असंच होणार, त्यावर तू तीन महिने अबोला धरलास. जीटर मोठाच, 3,465 हिट काय उगाच होतात? पण फील्डिंगची पाच गोल्ड ग्लव्ह त्याच्याकडे आणि फील्डिंग मोजणारे आकडे त्याला त्याच्याच जागेवरच्या, शॉर्टस्टॉपांच्या, तळाशी ठेवतात. हे मी आता भांडायला लिहीत नाही. ही वही लिहिणाऱ्या माणसाचंही मत टीव्हीने फिरवलं, तर त्या 500 जणांचं काय घेऊन बसायचं?

खेळाडूंच्या 94 च्या संपात युनियनच्या बैठकीला लू लिमोझिनमधून गेला, ते मात्र सगळ्यांनी चवीने छापलं. आणि त्याच्या शेवटच्या मोसमात, 95 च्या जुलैपासून, डेट्रॉइटच्या दोन्ही पेपरांचे लोकच संपावर. शेजारच्या शॉर्टस्टॉपवरच्या ॲलन ट्रॅमेलबरोबर 1,918 सामने खेळून माणूस गेला, आणि त्याच्यावर लिहायला ज्यांनी हवं होतं ते बाहेर फलक घेऊन उभे. ट्रॅमेल 2018 ला आत गेला. 85 च्या ऑल-स्टारला लू युनिफॉर्म गाडीत विसरला आणि विकतच्या शर्टावर मार्करने नंबर काढून खेळला, तो शर्ट स्मिथसोनियनमध्ये आहे. शर्टाला जागा मिळाली बघ.

तुझे बाबा मुंबईच्या फिरकीवाल्या पॅडी शिवलकरांबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. 589 प्रथम श्रेणी विकेट आणि एकही कसोटी नाही. पण शिवलकरांच्या वाटेत बेदी होता. लूच्या वाटेत कोण होतं?

अनयचं लग्न कुठवर आलं? हॉल मिळाला का? फेब्रुवारीत असेल तर मी येतोच, एप्रिल असेल तर रजेचं बघावं लागेल. वहिनींना नमस्कार. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, ते कळव.

वही कुरिअरने पाठवत नाही, हातात आणून देईन. शेवटच्या पानावर, सप्टेंबरचा तो थंडीतला सामना, सातव्या इनिंगमध्ये लूच्या चौकटीत पावसाचा थेंब पडलाय. ‘फु’ आहे की दुसरं काही, मला लागत नाही. फोटो पाठवतोय. चष्मा लावून बघ आणि सांग.

तुझा,
दिल्या