फ्रेडीचे बेळगावकर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका काकांचं पत्र आलं होतं, की बेळगावातली पोरं हल्ली कॅमेरे घेऊन फिरतात आणि शूट काय करतात तर कुठल्यातरी मेलेल्या इंग्लिश गायकाचे फॅन, त्यापेक्षा सीमाभागाचे प्रश्न का नाही दाखवत. काकांनी कुणाचं नाव घेतलं नाही पण कॅम्पपासून खासबागपर्यंत हे काम सध्या आम्हीच करतोय, म्हणून उत्तर द्यायचं तर मीच द्यायला पाहिजे.

आमची डॉक्युमेंट्री क्वीन या इंग्लिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या फॅन्सवर आहे, फ्रेडीवर नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडची जी माणसं कॅसेटच्या जमान्यापासून या एका माणसाचा आवाज जिवापाड जपून आहेत त्यांच्यावर. प्रोड्यूसर नाही, चॅनेल नाही, कॅमेरा सेकंडहँड घेतलेला, एडिटिंग मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, आणि खर्च आमच्या आमच्या पगारातून.

सीमाप्रश्नाचं म्हणाल काका, तर मी बेळगावातच वाढलेय, १९५६ पासूनचं सगळं घरात ऐकत आलेय आणि सुप्रीम कोर्टात २००४ पासून केस पडून आहे ते मलाही माहितीये. पण बाहेरून बेळगावात कॅमेरा आला की तेवढंच विचारतो हो. मराठी का कन्नड, महाराष्ट्र का कर्नाटक, दुकानाच्या बोर्डावर काय लिहिलंय. विचारावंच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्याच माणसाला रात्री काम सुटल्यावर तू काय ऐकतोस, कुणाचं गाणं ऐकून तुझ्या डोळ्यात पाणी येतं, हे विचारायला कुणी येत नाही आणि आपण स्वतःही एकमेकांना विचारत नाही, मग बाहेरच्यांना वाटतं की इथली माणसं म्हणजे नुसता वाद. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की इथल्या माणसाच्या आवडीनिवडीची पण नोंद राहिली पाहिजे, आणि ती आत्ता घ्यायला पाहिजे कारण कॅसेटवर ऐकलेली पिढी आता साठीच्या पुढे गेलीय.

एक उदाहरण सांगते. खासबागात एक मामा आहेत, घरातच पॉवरलूम, साड्या विणतात, वय साठच्या वर. नाव लिहीत नाही, पेपरात छापायचं त्यांना विचारलेलं नाही. १९८० च्या दशकात ब्लँक कॅसेट दुकानात द्यायची आणि गाणी भरून घ्यायची अशी पद्धत होती, तशी त्यांनी नव्वद मिनिटांची एक कॅसेट भरून घेतलेली, आणि पहिल्या साइडच्या शेवटी फ्रेडीचं ते १९७५ चं सहा मिनिटांचं प्रसिद्ध गाणं, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, मध्येच तुटलंय कारण टेप संपली. मामांनी कितीतरी वर्षं ते गाणं तेवढंच ऐकलं. आता मोबाईलवर पूर्ण आहे, नातवानं लावून दिलंय, पण मागावर उभं राहून स्वतः गुणगुणतात तेव्हा बरोब्बर त्या जागी थांबतात जिथे टेप संपायची, आणि परत पहिल्यापासून सुरू करतात. मी त्यांना काही बोलले नाही. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे चाललाय, हात सुताची कांडी बदलतायत, आणि गाणं तिथेच थांबतंय. हे आम्ही जसंच्या तसं ठेवलंय, वरून एक शब्द निवेदन नाही. नंतर माग बंद करून त्यांनी आम्हाला मांडीवर दोन थापा आणि एक टाळी असा तो १९७७ च्या ‘वी विल रॉक यू’ गाण्याचा ठेका वाजवून दाखवला, मामी आतून ओरडल्या, ‘काय करुलास ओ, चहा निवला की!’ ते पण फिल्ममध्ये आहे.

आणि काकांसाठी मुद्दाम सांगते, मामांनी त्याच बोलण्यात सुताचे भाव काय झालेत, मजुरी काय परवडते, पोरं मागावर का बसत नाहीत, हे सगळं न विचारता सांगितलं. माणसाला त्याच्या आवडीचं विचारलं की तो मोकळा होतो आणि बाकीचं आपोआप येतं, प्रश्नांची यादी घेऊन गेले असते तर मला यातलं अर्धं पण मिळालं नसतं.

ज्यांना फ्रेडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ नाव फारुख बलसारा, पारशी घरातला, जन्म ५ सप्टेंबर १९४६ झांझिबारचा, आणि आठ वर्षांचा असताना शाळेसाठी आला तो आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स स्कूलच्या बोर्डिंगमध्ये. फ्रेडी हे नाव त्याला तिथल्या पोरांनी दिलं. शाळेत पाच पोरांचा बँड काढला होता, द हेक्टिक्स, त्यात हा पियानो वाजवायचा. पुढे १९६४ ला झांझिबारमध्ये क्रांती झाली, घरचे सगळे इंग्लंडला गेले आणि १९७० मध्ये क्वीन हा बँड उभा राहिला. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये लाइव्ह एड या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमात त्यानं वीसेक मिनिटांत जे केलं ते आजही लोक बघतात. २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला, ४५ वर्षांचा होता.

या पाचगणीमुळे आमच्या फॅन्सचा त्याच्यावर हक्क आहे असं त्यांना अगदी मनापासून वाटतं. निपाणीच्या एक काकू आहेत, तंबाखूच्या व्यापारी घरातल्या, त्या म्हणतात, ‘पाचगणीत शिकला, म्हणजे आपल्या साताऱ्याकडचाच पोरगा की.’ दर सुट्टीत त्या नातवंडांना वाईवरून घाट चढून पाचगणीला नेतात आणि शाळेच्या गेटबाहेर उभं करून फोटो काढतात, आत जात नाहीत. नातवंडं कंटाळलीत बिचारी, पण काकू थांबत नाहीत. बेळगावहून हायवेनं पुण्याला जाणारी कितीतरी माणसं तो वाईचा फाटा ओलांडून जातात, काकूंसाठी मात्र तो फाटा म्हणजे पंढरपूरच्या वाटेवरचा रिंगणाचा माळ.

कॅम्पात एक गिटारचे सर आहेत, घर मूळचं गोव्याचं, घरात कोंकणी बोलतात. २४ नोव्हेंबरला त्यांच्या घरी चारदोन जणं जमतात, गातात, जेवतात. २०१८ मध्ये त्याच्यावरचा सिनेमा आल्यापासून कॉलेजची पोरं पण यायला लागलीत, जुन्यांना आधी ते आवडलं नव्हतं, सिनेमा बघून आलेले काय फॅन म्हणून. पण त्यातल्या एका पोरीनं पियानोवर बसून असं काही वाजवलं की सगळे गप झाले आणि पुढच्या वर्षी तिलाच आधी फोन गेला. त्या खोलीत मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू सगळं एकदम चाललेलं असतं आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही. मी एका ऑफिसात हॉलची परवानगी मागायला गेले तेव्हा पहिला प्रश्न होता पिक्चर कुठल्या भाषेत आहे, आणि मी जे खरं ते सांगितलं की जो माणूस जसा बोलतो तसं, तर फाइल तिथेच राहिली. मग सरांच्या घरीच शूट केलं, आणि ते जास्त चांगलं झालं.

आता फॅन्सवर फिल्म म्हटलं की सगळ्यात सोपं काय असतं तर त्यांच्यावर हसणं. अंगावर टॅटू, भिंतीला पोस्टर, जरा कॅमेरा वाकडा धरला की झाली कॉमेडी. ३१ मे १९८६ ला अमेरिकेत मेरीलँडमधल्या लँडओव्हरला जुडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडचा कार्यक्रम होता, त्याच्या आधी दोन पोरं व्हिडिओ कॅमेरा घेऊन बाहेरच्या पार्किंगमध्ये गेली, फॅन्सशी बोलली आणि जेमतेम सतरा मिनिटांची फिल्म बनवली. कॉन्सर्ट दाखवलीच नाही. मग ती फिल्म कित्येक वर्षं व्हीएचएस कॉप्या करकरून हातोहात फिरली. लोक ती बघून हसतात हे खरंय, पण मला त्यात दिसतात ती कामधंद्याची, साध्या घरांतली पोरं, ज्यांना त्या दिवसाआधी आणि नंतर कुणी माइक दिला नसता. स्टार नसला तरी चालतं, फॅन पुरतात, हे मला त्या सतरा मिनिटांनी शिकवलं.

आमच्याकडे स्टार तर नाहीच, पण गाणं पण नाही, आणि हे लोकांना सांगितलं की विश्वासच बसत नाही. अहो गाण्यावर फिल्म आणि गाणं नाही? नाही. कारण एका गाण्याचे दोन वेगळे हक्क असतात, एक शब्द आणि चालीचा, एक रेकॉर्डिंगचा, दोन्हीकडून परवानगी काढायची, दोन्हीकडे पैसे भरायचे. आपल्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि चालीचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे फ्रेडीनं एकट्यानं लिहिलेलं काहीही २०५१ संपेपर्यंत मोकळं होत नाही, आणि रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, म्हणजे १९७५ चं गाणं २०३५ संपेपर्यंत. कलम ५२ मध्ये समीक्षा, बातमी वगैरेसाठी सवलत आहे, पण आमच्यासारख्यांना त्याच्या भरवशावर बसून चालत नाही, उद्या नोटीस आली तर वकील कुठून आणायचा. आणि गंमत म्हणून नाही सांगत, पण मामांचं ते गुणगुणणं सुद्धा चालीच्या हक्कात येतं. तेवढ्या काही सेकंदांसाठी आम्ही रीतसर परवानगी मागितलीय, मिळाली तर आवाज राहील, नाहीतर तिथे फक्त मागाचा आवाज ठेवू आणि त्यांचे ओठ दिसतील.

बाकी सगळीकडे आम्ही ठरवलं की फॅनच्या कानात हेडफोन आणि बघणाऱ्याला फक्त त्याचा चेहरा. गाणं त्याला ऐकू येतंय, आपल्याला खोलीतला पंखा, रस्त्यावरची रिक्षा, टिळकवाडीच्या गेटावरून जाणारी रेल्वे. पैसे नव्हते म्हणून सुचलं हे खरं, पण आता कुणी फुकट परवानगी दिली तरी मी हे बदलणार नाही. चेहऱ्यावर काय काय होतं हो माणसाच्या! कुठे डोळे मिटतात, कुठे हनुवटी वर जाते, कुठे ओठ आधीच हलतात कारण पुढची ओळ पाठ असते.

सगळ्यात अवघड शूट होतं एका ताईंचं. त्या चिकोडीकडे एचआयव्हीच्या समुपदेशनाचं काम करतात. आपल्या भागात या रोगानं किती घरं मोडली ते इथल्या माणसाला मी सांगायला नको. फ्रेडीनं आपल्याला एड्स आहे हे २३ नोव्हेंबर १९९१ ला जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी गेला. ताई तेव्हा कॉलेजात होत्या, वडिलांनी त्या रात्री भिंतीवरचं पोस्टर फाडून टाकलं, असल्या माणसाचं तोंड घरात नको म्हणाले. ताईंनी तुकडे वेचून वहीत ठेवले आणि अजून त्यांच्याकडे आहेत, पिवळा जॅकेटचा तुकडा, माइकच्या दांडीचा तुकडा. त्या म्हणाल्या, ‘बाबांचा आवाज मी रोज ऐकते, पेशंटच्या घरच्यांच्या तोंडून, म्हणून मला काय उत्तर द्यायचं ते माहीत आहे.’ हे त्यांनी एकदाच सांगितलं, रिटेक नाही घेतला. पेशंटपैकी कुणाचाही चेहरा, नाव, आवाज फिल्ममध्ये नाही, आणि फिल्ममध्ये जे आहेत त्या प्रत्येकाची लेखी संमती मराठी आणि कन्नड दोन्हीत घेतलीय.

काका, याला तुम्ही सीमाभागाचा प्रश्न म्हणणार नसाल तर मला वाद घालायचा नाही. तुम्ही एकदा या, एडिटिंग चाललंय तिथे बसा, चहा पाजते, मग तुमचं म्हणणं मला सांगा. कॅमेऱ्यासमोर सांगितलंत तर अजून बरं.

आणि संपादकसाहेब, वाचकांना एक विनंती छापाल तर फार मदत होईल. कुणाच्या घरी त्या काळातल्या भरून घेतलेल्या कॅसेट, गाणी उतरवलेल्या वह्या, पेनफ्रेंडची पत्रं, कात्रणं पडून असतील तर भंगारात किंवा रद्दीत देऊ नका. १९५० च्या दशकाच्या शेवटी किंवा ६० च्या सुरुवातीला पाचगणीला बोर्डिंगमध्ये असलेलं कुणी आपल्या भागात असेल तर त्यांच्याशी बोलायची फार इच्छा आहे. तुमच्या कार्यालयात निरोप ठेवला तरी मी येऊन घेईन, वस्तू घरातून नेणार नाही, तिथेच फोटो काढून तिथेच परत देईन. बेळगावच्या पावसात कॅसेटला बुरशी धरते, पांढरी पांढरी दिसते, तशी असेल तर कृपया टेपरेकॉर्डरमध्ये घालून लावून बघू नका, टेप तुटते आणि टेपरेकॉर्डरचं हेड पण खराब होतं, तशीच कोरड्या डब्यात उभी ठेवा, साफ करायचं आम्ही बघतो.

आपली,
एक वाचक
वडगाव, बेळगाव