‘दायेनू’तले ‘पुरे’ म्हणजे ‘बस्स’ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वल्हांडण, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटल्याच्या ज्यू सणावरील आपल्या पुरवणीतील लेखात ‘दायेनू’ या ज्यू गीताची ओळख ‘अल्पसंतोषाचे गाणे’ अशी करून दिली आहे. हा समज सर्रास आढळतो, म्हणून हे पत्र.

घोटाळा ‘पुरे’ या शब्दाने होतो. हिब्रूत ‘दाय’ म्हणजे पुरेसे आणि पुढचा प्रत्यय म्हणजे ‘आम्हाला’. मराठीत पंगतीत ‘पुरे’ म्हटले की वाढणाऱ्याचा हात थांबतो. दायेनूतले पुरे हात थांबवणारे नाही. ओळीचा साचा असा: ‘देवाने अमुक केले असते आणि तमुक केले नसते, तरी आम्हाला तेवढे पुरले असते.’ कशाला पुरले असते? आभार मानायला. जगायला नव्हे, सुखाने राहायला तर नव्हेच.

हे मान्य नसेल त्याने समुद्राची ओळ वाचावी. ‘समुद्र दुभंगला असता आणि कोरड्या जमिनीवरून पलीकडे नेले नसते, तरी पुरले असते.’ मागे फारोचे (मिसरच्या राजाचे) रथ, पुढे ओला गाळ, आणि लोक म्हणणार ‘आम्ही समाधानी आहोत’? भाष्यकारांनी त्यावर तोडगा काढला आहे: चिखल तुडवतही पलीकडे जाता आलेच असते, कोरडी वाट ही वरची मेहेरबानी. सिनाय डोंगराची ओळ त्याहून अवघड. डोंगरापाशी आणले असते आणि तोरा (देवाचे धर्मशास्त्र) दिलीच नसती, तर तिथे जाऊन मिळवले काय? इथे राशी या मध्ययुगीन भाष्यकाराचे एक जुने निरीक्षण कामी येते. बायबलमधील निर्गम ग्रंथाच्या १९व्या अध्यायात इतर ठिकाणी ‘त्यांनी तळ दिला’ असे अनेकवचन येते, पण डोंगरासमोर क्रियापद एकवचनी होते. म्हणजे सगळे लोक एका माणसासारखे, एका मनाने उतरले. कालपर्यंत कुरकुरणाऱ्या जमावासाठी ही पायरी स्वतंत्र नोंदवावी अशीच होती.

आता हिशेब. लेखात १५ कडवी म्हटली आहेत. उपकार १५ आहेत, पण ‘दायेनू’ने संपणाऱ्या ओळी १४. प्रत्येक ओळ दोन उपकारांना जोडते, एक मिळालेला आणि एक ‘न मिळाला असता तरी’, त्यामुळे शेवटच्याला पुढचा जोडीदार उरत नाही. पाच-पाचांचे तीन गट पडतात. पहिला गुलामीतून सुटण्याचा: मिसरातून बाहेर काढणे, मिसरींना शासन, त्यांच्या दैवतांना शासन, ज्येष्ठ पुत्रांचा मृत्यू, त्यांचे धन मिळणे. दुसरा वाटेवरचा: समुद्र, कोरडी वाट, पाठलाग करणाऱ्यांचे बुडणे, वाळवंटातील ४० वर्षे, मान्ना (तिथे मिळालेले अन्न). तिसरा जवळिकीचा: शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस), सिनाय, तोरा, इस्रायलची भूमी आणि शेवटी यरुशलेमचे मंदिर. गीताच्या आधी येणाऱ्या ओळीत उपकारांसाठी ‘मालोत’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ पायऱ्या असाही होतो. मंदिरात स्त्रियांच्या चौकातून आतल्या चौकात चढायला १५ पायऱ्या होत्या आणि ‘आरोहण स्तोत्रे’ही १५च (१२० ते १३४). हा योगायोग आहे असे परंपरेने कधी मानले नाही.

या पायऱ्यांमधले अंतर मात्र कोणी मोजत नाही. राजे ग्रंथाच्या पहिल्या भागाप्रमाणे मिसर सोडल्यानंतरच्या ४८०व्या वर्षी शलमोन राजाने मंदिराचे काम सुरू केले आणि ते ७ वर्षे चालले. पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या कोणालाही पंधरावी दिसणे शक्य नव्हते. उलट बाजूने पाहा. गीताचा पूर्ण पाठ नवव्या शतकातल्या आम्राम गाओन यांच्या प्रार्थनासंग्रहात मिळतो. तोवर दुसरे मंदिरही पडून (इ.स. ७०) आठ शतके होत आली होती. सुटकेची मालिका पुढे तुटली हे पक्के ठाऊक असताना लोक तिची प्रत्येक कडी मोजून आभार मानत होते. याला अल्पसंतोष कसा म्हणायचा?

सेदरच्या, म्हणजे वल्हांडणाच्या विधिवत जेवणाच्या, रात्री हे गीत कुठे येते, तेही महत्त्वाचे. मिसरवरच्या दहा अरिष्टांची नावे घेताना पेल्यातून द्राक्षरस थेंबथेंब काढला जातो. त्यांच्या जोडीचे शब्द धरून एकूण १६ थेंब. शत्रूच्या यातनांमुळे आपला पेला थोडा रिता, ही त्यामागची प्रचलित समजूत. दायेनू त्याच पेल्यासमोर म्हणायचे, आणि तो पेला (हा रात्रीचा दुसरा) बराच नंतर, स्तोत्र ११३-११४ म्हणून झाल्यावर प्यायचा. एका पेल्याचे किमान माप एका मतानुसार ८६ मि.ली., दुसऱ्यानुसार १५०. चार पेले म्हणजे निर्गमाच्या सहाव्या अध्यायातली सुटकेची चार क्रियापदे: बाहेर काढीन, सोडवीन, उद्धार करीन, आपले म्हणून घेईन. चारही एकाच वाक्यप्रवाहात आहेत, तरी एका मोठ्या पेल्यात उरकता येत नाहीत. पाचवे क्रियापद ‘देशात नेईन’. त्याचा पेला एलियाहू संदेष्ट्यासाठी भरून ठेवायचा, प्यायचा नाही.

अर्धवट सुटकेचे आभार मानताना तिचा अर्धवटपणा झाकायचा नाही, हेही ज्यू परंपरेत पाळले जाते. पुरीम हा पर्शियात ज्यूंचे जीव वाचल्याचा सण, तरी त्या दिवशी हल्लेल (स्तुतीची स्तोत्रे) म्हणत नाहीत. तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथात रावा हा पंडित कारण देतो: आपण अजून अहश्वेरोशाचे (पर्शियाच्या राजाचे) चाकरच आहोत. एस्तेरचे पुस्तक वाचतात, मेजवानी करतात, आभार मानतात. फक्त ‘गुलामीतून सुटलो’ एवढे म्हणत नाहीत. यरुशलेमी तालमूदमध्ये आर्बेलच्या खोऱ्यात पहाटे चाललेले दोन रब्बी पूर्वेला फुटणारे तांबडे पाहतात. एक दुसऱ्याला म्हणतो, इस्रायलची सुटका अशीच: आधी थोडी थोडी, मग वाढत जाणारी.

हे सारे मराठी वाचकाला दूरचे नाही. हग्गादा, म्हणजे सेदरला वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली शिळाछापावर निघाली. पुण्यात १८७४ साली निघालेल्या आवृत्तीत लुगडी नेसलेल्या बेने इस्रायल बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. कोकणच्या या समाजात मलिदा हा आभाराचा विधी आजही होतो: नवस फेडताना, आजारातून उठल्यावर, लग्नाआधी. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा आणि भोवती फळे. आशीर्वाद मात्र एकदाच म्हणून भागत नाही. झाडाच्या फळाचा वेगळा, पोह्यांचा वेगळा, सुवासिक पाल्याचा वेगळा. केळ्याला जमिनीच्या पिकाचा आशीर्वाद, कारण घड कापला की केळीचे खोड संपते. आणि गाणे एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे जो अजून यायचा आहे त्याचे. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात.

पुढच्या वर्षी भाषांतर छापाल तेव्हा ‘तरी तेवढेही पुरले असते’ असे छापावे, ओळी १४ असाव्यात, आणि गीतानंतरचा ‘मग किती पटीने अधिक’ हा परिच्छेद जागेअभावी गाळू नये. पंधरा उपकार ओळीने, एकही ‘नसते’ न लावता, फक्त तिथेच येतात.

आपला,
एक वाचक, ठाणे