स्केट्समधलं रबर जोर खात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इनलाइन, म्हणजे एका रांगेत चाकं असलेले, स्केट्स कसे निवडावेत यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. बूट पायात कसा बसावा, चाकं किती मऊ असावीत, हे त्यात नीट सांगितलं आहे. सस्पेन्शनचा विषय मात्र दोन ओळींत निकालात काढला आहे. फ्रेममध्ये, म्हणजे बुटाखाली चाकं धरणाऱ्या सांगाड्यात, स्प्रिंग किंवा रबर असलं की ते धक्क्याबरोबर पायाचा जोरही खातं, म्हणून अशा स्केट्सच्या वाटेला जाऊ नये, असं लेखक म्हणतात. हेच मत मी प्रशिक्षकांकडून आणि अनुभवी स्केटर्सकडूनही वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. मी गाड्यांची रबरी बुशं (सांध्यात बसणाऱ्या, धक्का जिरवणाऱ्या रबराच्या गाद्या) आणि इंजिन माउंटिंग डिझाइन करते आणि सुट्टीच्या दिवशी मुलाबरोबर स्केटिंगही करते. रबर किती जोर खातं याचा हिशोब करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून हे पत्र.

आधी मुळात धक्का एवढा का बसतो ते पाहू. ८० मिमी व्यासाच्या चाकाची त्रिज्या ४० मिमी. समोर ५ मिमी उंचीची तीक्ष्ण कड आली, की चाक तिच्यावर उभ्या रेषेपासून सुमारे २९ अंशांवर टेकतं. म्हणजे वेगाचा जवळपास निम्मा भाग त्या कडेवर आदळतो. सायकलच्या ६८० मिमी व्यासाच्या चाकाला तीच कड जेमतेम १० अंशांवर भेटते आणि वेगाचा सहावा हिस्सा आदळतो. सायकलस्वाराला जी कड जाणवतही नाही, ती स्केटरचा पाय मागे खेचते. पाय थबकतो, धड पुढे जातं. स्केटिंगमध्ये माणसं तोंडावर पडतात ती अनेकदा अशीच.

दुसरा त्रास बारीक खडखडाटाचा. दर १० सेंटिमीटरवर सांधा असलेल्या फरसबंदीवरून ताशी १८ किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, गेलात तर प्रत्येक चाकाला सेकंदाला ५० ठोके बसतात. तळव्यांना मुंग्या येतात, नडग्या दुखतात आणि थोड्या वेळाने पाय पकड सोडायला लागतो. एकेका मोठ्या धक्क्याची भीती सगळ्यांना असते. हा खडखडाट मात्र चालायचंच म्हणून सोडून दिला जातो. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पाय थकला की तोल सावरायची ताकद आधी जाते.

नेहमीच्या स्केटमध्ये हे सगळं जिरवायला आहे काय? चाकाच्या पॉलियुरेथेनची, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकची, काही मिलिमीटर जाडी. शोअर ए या कडकपणाच्या मापावर ७८ ची चाकं ८५ च्या चाकांपेक्षा मऊ, त्यामुळे खडखडाट थोडा कमी होतो, पण ती लवकर झिजतात. मोठं चाक घेतलं तर फायदा होतो, हे खरं. १२५ मिमीच्या चाकाला मघाचीच कड २३ अंशांवर भेटते. पण पाय जमिनीपासून तितकाच उंच जातो आणि घोट्यावरचा ताण वाढतो. टाचेखालच्या ज्या फोमच्या तुकड्याला बॉक्सवर ‘शॉक अॅब्सॉर्बर’ म्हणतात, तो उडीवरून उतरताना टाच वाचवतो. तो असावाच. पण त्याने चाकाला वर सरकायची जागा मिळत नाही, फ्रेम खाली तशीच ताठ राहते. कडेवर चढायचं तर चाकाबरोबर अख्खा पाय उचलला गेलाच पाहिजे.

आता जोर खाण्याचा हिशोब. ७० किलोचा माणूस एका पायावर उभा राहिल्यावर सस्पेन्शन ३ मिमी दबेल, इतकं कडक रबर घेऊ. रेटा देताना पायावरचा भार अंगाच्या वजनापेक्षा जास्त असतो, म्हणून तो दीडपट धरला. रबर साडेचार मिमी दबेल आणि त्यात सुमारे २.३ ज्यूल ऊर्जा साठेल. स्केटर १५० वॅटने चालला आहे आणि सेकंदाला एक रेटा देतो आहे असं धरलं, तर एका रेट्यामागे साधारण १५० ज्यूल होतात. या १५० पैकी सव्वादोन, आणि तेही सगळे वाया जात नाहीत. रबर सुटताना त्यातला बराचसा भाग परत देतं, रबराच्या आत उष्णता होऊन उरतो तेवढाच तोटा. अशा सस्पेन्शनने जोर खाल्ला असं म्हणायला जागाच राहत नाही.

आणि या बदल्यात मिळतं ते पाहा. ३ मिमी दबणाऱ्या सस्पेन्शनची स्वतःची लय सुमारे ९ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ९ हेलकावे, येते. तिच्या दीडपटीच्या आसपास, म्हणजे साधारण १३ हर्ट्झच्या वर, जी थरथर असेल ती सस्पेन्शन पायापर्यंत येताना कमी करू लागतं. फरसबंदीचे ५० ठोके त्याच्या कितीतरी वर आहेत, रेट्याची सेकंदाला एक ही लय कितीतरी खाली. रेटा आरपार जमिनीला पोहोचतो आणि खडखडाटाचा मोठा भाग वाटेतच अडतो. माणसाचा पाय म्हणजे लोखंडी ठोकळा नव्हे, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे हलतील, पण दिशा हीच राहील. मोटारसायकलसारखी लांब चाल, म्हणजे दबायला मोठी जागा, इथे लागतच नाही. स्केट्सना एकूण ८-९ मिमी पुरते.

मग एवढ्या जाणत्या स्केटर्सना जोर हरवल्यासारखा का वाटतो? त्यांना वाटतं ते खरं आहे, फक्त त्याचं कारण रबर नाही. मुलाच्या एका मित्राचे सस्पेन्शनवाले स्केट्स मी उघडून पाहिले. त्याची तक्रार अशी, की डावा पाय कलंडतो, रेटा देताना काहीतरी आत सरकतं. रबरी बुशं अंगठ्याच्या पेराएवढी होती, दाबाची पुसटशी खूण सोडली तर ठणठणीत. बिघाड खिळीजवळ, म्हणजे चाकांचा आर्म जिच्यावर झुलतो त्या पिनेजवळ, होता. चाकं धरणारा आर्म पातळ पत्र्याच्या दोन कानांमध्ये एका बारीक पिनवर झुलत होता. पिनीभोवती अॅल्युमिनियमच्या भुकटीचा काळा चिखल साचला होता आणि भोक लंबगोल झालं होतं. बोटात धरून चाक आडवं हलवलं की टकटक आवाज यायचा.

स्केटिंगचा रेटा बाजूला असतो. चाकाची कड जमिनीत रोवून पाय बाहेर ढकलायचा, हाच सगळा खेळ. खिळीतली फट भागिले खिळीच्या आधाराची रुंदी, म्हणजे आर्म किती कलेल ते कळतं. २० मिमी रुंदीच्या आधारात ०.१ मिमी फट असली तर साधारण ०.३ अंश. ती फट झिजून ०.४ मिमी झाली की एक अंशाच्या वर. कड रोवायच्या ऐन क्षणी चाक एक अंशाने कललं, तर ज्याचे पाय तयार आहेत त्याला ते लगेच कळतं आणि तो म्हणतो, स्प्रिंगने जोर खाल्ला. गाडीच्या बुशांमध्येही आम्ही हेच सांभाळतो. एका दिशेला मऊ, दुसऱ्या दिशेला ताठ. उभं दबू द्यायचं आणि आडवं अजिबात हलू द्यायचं नाही. त्यासाठी आधार रुंद हवा, पिन जाड हवी आणि झिजलं की बदलता येईल असं बुश हवं. यात अवघड काही नाही, फक्त त्यावर चार पैसे जास्त खर्च करायची तयारी लागते.

हलणारा सांधा म्हटला की स्केटिंगच्या जगात पहिल्यांदा नाकं मुरडली जातातच. बर्फावरच्या स्पीड स्केटिंगमध्ये ‘क्लॅप’ स्केट आले, तेव्हाही असंच झालं होतं. चवड्याखाली बिजागरी आणि पातं परत ओढून घेणारी स्प्रिंग. अॅम्स्टरडॅमच्या व्रीये विद्यापीठात खेरित यान फान इंगेन स्खेनाउ यांच्या गटाने ते विकसित केले. १९९६-९७ च्या हंगामात ते जोरात चालले आणि १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकनंतर लांब ट्रॅकवरच्या वेगाच्या शर्यतीत ताठ स्केट घालून उतरण्यात अर्थ उरला नाही. तो सांधा धक्का जिरवण्यासाठी नव्हता, हे मान्य. पण सांधा आडवा ताठ असेल तर हलत्या स्केटवरही पुरा जोर देता येतो, हे तिथे सगळ्या जगाने पाहिलं. रबर तर स्केट्समध्ये त्याहून कितीतरी जुनं आहे. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिंप्टन यांनी १८६३ साली पेटंट घेतलेल्या चार चाकी स्केट्समध्ये वळण्यासाठी रबराच्याच गाद्या होत्या.

रचनेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पुढचं चाक अशा आर्मवर हवं, की ज्याची खीळ चाकाच्या पुढे आहे. कड आदळली की चाक मागे आणि वर सरकतं. खीळ मागे ठेवली तर चाक कडेत आणखी रुततं, आणि तरीही तशी रचना दिसते, कारण ती बसवायला सोपी. दुसरा चांगला मार्ग म्हणजे दोन-दोन चाकांची जोडी मधल्या खिळीवर झुलती ठेवणे. एक चाक ५ मिमी चढलं तर खीळ अडीच मिमीच वर जाते. रबर अजिबात नसलं तरी एवढा फायदा हातात पडतो, आणि वर रबर असलं तर उत्तमच. हवेचे टायर असलेले ‘कायोटी’सारखे ऑफ-रोड स्केट्स १९९० च्या दशकात आले होते. कच्च्या वाटेसाठी ते ठीक, पण रोजच्या वापराला ते जड आणि उंच पडतात.

नुसती पोलादी स्प्रिंग मी घेणार नाही. ती दबते तशीच उसळते आणि ती उसळी जिरवायला तिच्यात काहीच नसतं. रबर किंवा पॉलियुरेथेन दबताना थोडी ऊर्जा गिळतं, म्हणून उडी थांबते. त्याचे दोषही आहेत. थंडीत ते कडक होतं, उन्हात मऊ पडतं आणि सतत दाबाखाली राहिलं की कायमचं चेपतं. म्हणून बुश बदलता येणं ही चैन नाही, गरज आहे. मागच्या चाकाचं सस्पेन्शन दबलं की टाचेचा ब्रेक जमिनीजवळ येतो, तेही फ्रेम ठरवताना धरायला हवं.

सगळ्यात जास्त खटकतं ते लहान मुलांच्या बाबतीत. ७० किलोच्या माणसाला ३ मिमी दबणारं बुश ३० किलोच्या मुलाच्या वजनाने १.३ मिमीच दबेल. त्याच्यासाठी ती फ्रेम जवळजवळ ताठच. त्याचे पाय लहान, चाकंही बहुधा लहान, म्हणजे धक्का मोठ्यांपेक्षा जास्त, आणि त्यालाच सस्पेन्शनचा उपयोग सगळ्यात कमी. मुलांच्या स्केट्ससाठी वेगळ्या, मऊ बुशांचा संच का देऊ नये? साचा तोच राहतो, फक्त मिश्रण बदलतं. हे मी कामावर नेहमी करते, म्हणून खात्रीने सांगते.

उत्पादकांनी बॉक्सवर चार गोष्टी छापाव्यात: सस्पेन्शनची चाल किती मिमी, ते किती ते किती किलो वजनासाठी आहे, बुश आणि पिन सुटी मिळते का, आणि नवीन असताना चाकाचा आडवा ढिलेपणा किती. नुसतं ‘शॉक अॅब्सॉर्बिंग’ लिहून काही कळत नाही. प्रशिक्षकांना विनंती, की मूल पाय कलंडतो म्हणालं तर त्याच्या घोट्याला दोष देण्याआधी एका हाताने फ्रेम घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने प्रत्येक चाक बाजूला दाबून पाहा. टक आवाज आला, तर ते स्केट्स घालून त्याला उतारावर जाऊ देऊ नका.

आपल्या लेखकांनी पुढच्या वेळी सस्पेन्शनवर लिहिताना घट्ट खिळीची एक जोडी आणि झिजलेल्या खिळीची एक जोडी, दोन्ही एकाच खडबडीत रस्त्यावर चालवून पाहावीत आणि जे आढळेल ते छापावं, अशी विनंती.

आपली,
रबरी बुशं बनवणारी आणि स्केटिंग करणारी एक वाचक