सूचना : १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतील रस्त्याचा ठराव

सर्व भाजी उत्पादक सभासदांना नमस्कार.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आपापल्या गावातून रस्त्याचा ठराव मंजूर करून घ्यायचा आहे. तीन गावांनी तयारी दाखवली आहे, बाकीच्यांनीही मनावर घ्यावे.

मागणी कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्याच्या, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६१ च्या दुरुस्तीची. २२२ हा जुना क्रमांक कृपया लिहू नका.

आपला माल रात्री पिकअपने वाशीच्या भाजी मार्केटला निघतो. पहाटे वेळेत गाळ्यावर लागला तरच भाव मिळतो. गेल्या मंगळवारी माझे भेंडीचे क्रेट उघडले तर तळातल्या शेंगा घासून काळ्या पडलेल्या. तोडणी कोवळी होती, वाण चांगला होता; खड्ड्यांनी घात केला. घरातल्या बायका भल्या पहाटे उठून तोडणी करतात, त्या मेहनतीचे असे मातेरे बघवत नाही.

दरड पडून माळशेज घाट बंद झाला की नारायणगावकडून येणारी रोपेही अडकतात, म्हणून घाटातल्या संरक्षक जाळ्यांचा मुद्दा ठरावात हवाच.

ठरावाची नक्कल ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) सही-शिक्क्यासह, सोबत खराब मालाचे फोटो, त्यानंतरच्या रविवारी सकाळी १० वाजता मुरबाड एसटी स्टँडजवळ नेहमीच्या जागी आणावी. तिथूनच सगळे मिळून निवेदन द्यायला जाऊ.