तळमजल्यावरच्या काकांना, राउटरच्या कामाबद्दल

काका, सा. न.

त्या दिवशी तुम्ही चहा संपवून लगेच उठलात आणि आभार मानायचे राहूनच गेले. तोंडी मानले असते तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड.

संध्याकाळी सातला माझा दहावीच्या गणिताचा क्लास असतो. तासगाव, जत, कवठेमहांकाळची मुलं आपापल्या घरून जोडलेली असतात. पंधरा दिवस नेमका सातनंतरच आवाज तुटत होता. नेटवाल्यांकडून ‘तक्रार नोंदवली आहे’ यापलीकडे उत्तर मिळेना. शेवटी मी राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून दाबून धरली. होतं तेही नेट गेलं. दुसऱ्या दिवशी मुलांची चाचणी होती. मला रडू यायचंच बाकी होतं.

तुम्ही टॉर्च घेऊन आलात. लॅपटॉप स्वतःकडे ओढाल असं वाटलं होतं, पण खुर्ची बाजूला घेऊन म्हणालात, “तू कर, मी बसतो.”

राउटरच्या सेटिंगचं पान उघडायला मी सकाळपासून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकत होते आणि पान उघडत नव्हतं. तुम्ही मला कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, ‘आयपीकॉन्फिग’ लिहायला लावलंत; त्याने लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता दिसतो. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला आणि तुमची नजर थेट वायरीकडे गेली. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की लॅपटॉप असा पत्ता स्वतःच घेतो, म्हणजे दोघांची गाठच पडलेली नाही, हे तेव्हा कळलं. फायबरच्या डब्याची वायर काढून त्याच वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं नेट राउटरमध्ये येतं त्या जागी, मी लॅपटॉप जोडला होता. तो लॅनच्या, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या, पोर्टात लावला आणि डिफॉल्ट गेटवेपुढे, म्हणजे राउटरच्या पत्त्याच्या ओळीत, आलं १९२.१६८.०.१. एका आकड्यासाठी माझी अख्खी सकाळ गेली होती! सगळ्या राउटरचा पत्ता एकच नसतो, आपला कुठला ते गेटवेच्या ओळीत बघायचं, हे आता मी जन्मात विसरणार नाही.

लॉगिनचा पासवर्ड राउटर उलटा करून टॉर्चच्या उजेडात स्टिकरवर वाचला. पण आत गेल्यावर पीपीपीओईचे, म्हणजे नेट कंपनीकडच्या लॉगिनचे, रकाने रिकामे. पिन दाबल्याने पुसलं गेलं होतं ते हेच. युजरनेम कनेक्शनच्या कागदावर सापडलं, पासवर्डसाठी हेल्पलाइनला फोन लावला. पाऊण तास ती धून वाजत होती आणि तुम्ही तेवढा वेळ बसून राहिलात. गुडघा दुखत असताना. काका, मला सगळ्यात जास्त आठवतो तो हा पाऊण तास.

नेट सुरू झालं तरी तुम्ही उठला नाहीत. ‘सातलाच का तुटतं?’ हे तुम्हाला शोधायचं होतं. मोबाइलवरच्या ॲपमध्ये दाखवलंत, आजूबाजूचे आठ वायफाय आणि आपलाही, सगळे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या ६ नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे एकाच वाटेवर. सगळी बिल्डिंग घरी आली की तिथे गर्दी. १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत म्हणून आपण १ निवडला, आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वेगळ्या पट्ट्यावर घेतला. मग ॲडमिनचा पासवर्ड बदलायला लावलात, सेटिंगचा बॅकअप घ्यायला लावलात आणि सगळं माझ्याच अक्षरात वहीत उतरवून घेतलंत.

चाचणी वेळेवर झाली. त्यानंतर एकदाही आवाज तुटलेला नाही. जतची एक मुलगी सारखी ‘मॅडम, ऐकू येत नाही’ म्हणायची, ती आता शेवटच्या मिनिटापर्यंत शंका विचारते.

इतक्या शांतपणे मला आजवर कुणी काही शिकवलेलं नाही, आणि मी स्वतः शिक्षिका आहे. मनापासून आभार.

तुमची टॉर्च टीव्हीच्या कपाटावरच राहिली आहे. रविवारी घेऊन येते, काकूंनाही भेटेन.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची