इंडेक्सचा संच आधी लिहून घ्यावा

महोदय,

कोल्हापूर परिसरातील वाणिज्य शाखेचे विद्यार्थीही आता पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतात, ही समाधानाची बाब आहे. मात्र प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये लूपच्या, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडच्या, सीमा पाठ केल्यासारख्या उतरवल्या जातात. हा लूप नेमक्या कोणत्या इंडेक्सवरून, म्हणजे यादीतील घटकांच्या कोणत्या क्रमांकांवरून, फिरणार आहे, हे विद्यार्थ्यांना क्वचितच विचारले जाते.

पावसाळ्यात सारे शहर ज्या आकड्याकडे डोळे लावून बसते, तो राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेच्या पातळीचा आकडाच घेऊ. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. एका दिवसाच्या दर तासाच्या २४ नोंदी यादीत ठेवल्या, तर पायथनमध्ये त्यांचे इंडेक्स ० ते २३ असतात. तासागणिक वाढ काढायची, तर प्रत्येक नोंदीतून आधीची नोंद वजा करावी लागते आणि असे फरक २३च निघतात. म्हणून लूप १ पासून सुरू व्हायला हवा. तो ० पासून सुरू केला, तर आधीचा इंडेक्स उणे १ होतो, आणि पायथनमध्ये उणे १ म्हणजे यादीतील शेवटचा घटक. दिवसभरात पाणी ३९ फुटांवरून ४३ फुटांवर चढले असेल, तरी असा प्रोग्रॅम कोणतीही त्रुटी न दाखवता पहिल्याच तासाला ४ फूट उतार दाखवील. ज्युलिया या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत अ‍ॅरेचे (यादीचे) इंडेक्स सहसा १ पासून सुरू होतात आणि तिथे शून्यावा घटक मागितला की प्रोग्रॅम थांबतो. मला ते अधिक प्रामाणिक वाटते.

सात दिवसांच्या नोंदी ७ ओळी आणि २४ स्तंभांत मांडल्या, की प्रश्न आणखी नाजूक होतो. पायथनच्या नमपाय (NumPy) या तयार कोडच्या लायब्ररीतील ‘एनडीइंडेक्स’ला हा आकार दिल्यास ओळ आणि स्तंभ यांच्या इंडेक्सच्या १६८ जोड्या क्रमाने मिळतात, एकात एक लूप लिहावे लागत नाहीत. तिथलेच लगतच्या नोंदींचे फरक काढणारे ‘डिफ’ मात्र, वेगळे काही न सांगितल्यास, प्रत्येक ओळीत स्वतंत्र वजाबाकी करते आणि १६१ फरक देते. सलग नोंदींचे फरक १६७ असतात. मधल्या सहा मध्यरात्री ओलांडताना झालेली वाढ अशी निसटते, आणि पाणी तर रात्रीही चढते. लायब्ररीची यात चूक नाही, कारण संच आपण ठरवलेलाच नसतो.

म्हणून प्रॅक्टिकल परीक्षेत कोड लिहिण्यापूर्वी इंडेक्सचा संच, त्याची दोन्ही टोके आणि एकूण संख्या कागदावर मांडायला लावावी व त्यासाठी स्वतंत्र गुण ठेवावेत, अशी अभ्यास मंडळांना विनंती आहे.

– संगणकशास्त्राचा एक शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर